आम्हाला मोन्तोनेला कशाला नेता?

इटलीत, पेरुजात राहते म्हटल्यावर घरी येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, फ्लोरेन्स सोडून जवळच्या त्या मोन्तोनेला कशाला? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

बघायला म्हणाल तर टेकडीवरचं लहानसं गाव, तीन वेशी, दगडी गल्ल्या. सान फ्रान्चेस्को चर्चच्या म्युझियममध्ये कापोराली नावाच्या चित्रकाराचं १४८२ चं चित्र आहे, त्यात मेरीने सगळ्यांना आपल्या झग्याखाली घेतलंय आणि खाली हेच मोन्तोने रंगवलंय. मला फार आवडतं, तुम्हाला नसेल आवडत तर राहू दे.

खरं कारण तिथली सनडायल, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ. २०२३ मध्ये नाईक यशवंत घाडगेंच्या स्मरणार्थ उभारली, आपल्या माणगाव तालुक्यातले, इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे; नाईक हा त्यांचा हुद्दा. भाच्याला मुद्दाम नेलं होतं. फोटो काढता काढता म्हणाला, "म्हणजे इंग्रजांचे भाडोत्रीच ना, मावशी?"

डोकंच फिरलं माझं. तिथेच, लोकांसमोर, त्याला १० जुलै १९४४ ऐकवला. दुसरं महायुद्ध चालू होतं, याच टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांचं अख्खं सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, मारलं किंवा जायबंदी केलं, उरले हे एकटे. ग्रेनेड टाकून ती गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्यांनी तिथेच गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक.

"शूर होते, मी कुठे नाही म्हणतोय?" तो म्हणाला. "पण तेव्हा आपली माणसं 'चले जाव' म्हणून जेलमध्ये होती."

कॉलेजात मीही हेच बोलायचे, आणखी तावातावाने. तरी हटले नाही. म्हटलं, अरे हे गाव ज्याच्या नावाने मिरवतं तो पंधराव्या शतकातला सेनापती ब्राच्चो काय फुकट लढायचा? पैसे घेऊन फौज चालवायचा. येशूच्या मुकुटातला काटा म्हणून इथे जो जपलाय तो १४७३ मध्ये त्याच्या मुलाला व्हेनिसने लढायांचं बक्षीस म्हणूनच दिला, आणि ऑगस्टमध्ये त्याचाच उत्सव करतात. त्यांना नाही लाज वाटत!

"ब्राच्चो १४१६ मध्ये पेरुजाचा मालक झाला," भाचा म्हणाला. वरच्या बोर्डवर वाचलं असणार, कार्ट्याने. "घाडगेंना काय मिळालं?"

देहसुद्धा सापडला नाही त्यांचा. इटलीतल्याच कसिनोच्या युद्धस्मारकावर नुसतं नाव आहे. हे त्याला सांगितलं नाही, माझ्याच विरोधात गेलं असतं.