वरचा सांबार

कोजागिरीचं दूध पिऊन सगळे झोपले आणि मी इथं बसून सांबाराचा विचार करून राहिली आहे. सांबार म्हणजे आमच्या नागपूरकडची कोथिंबीर, फार तर पाच-दहा रुपयांची.

शनिवारी संध्याकाळी गोकुळपेठ बाजारात गेले होते. नवी गाडी घेऊन, पहिल्यांदाच एकटी. भाजीवाली मावशी नेहमीच्या जागी पोतं अंथरून बसली होती. गाडी कडेला घेतली, काच खाली केली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, क्या दूँ?"

अकरा वर्षं झाली तिच्याकडून भाजी घेऊन. ऑल्टो कोपऱ्यावर वळताना दिसली की तिकडूनच हाक यायची, "ताई, मेथी पाह्य नं कशी कोवळी हाय!" मी नको म्हटलं तरी दोन जुड्या पिशवीत पडायच्या आणि वरून मूठभर सांबार. तो मी कधी मागितला नाही, तिनं कधी मोजला नाही.

आणि मी काय उत्तर द्यावं? "मेथी कैसी दी?"

निघूनच गेलं तोंडातून.

हिंदीची ही खोड आपल्या नागपूरकरांना जुनीच आहे. ऑटोवाला आणि मी बर्डीपासून घरापर्यंत हिंदीत बोलतो, आणि उतरल्यावर सुटे पैसे मोजता मोजता कोणाच्या तरी तोंडून "होय नं बाप्पा" निघतं, तेव्हा कळतं की दोघंही मराठीच. त्यात कोणाला काही वाटत नाही. पण ती अनोळखी माणसाशी बोलायची भाषा. अकरा वर्षांनंतर मावशीनं मला त्या रांगेत उभं केलं आणि मी मुकाट्यानं जाऊन उभी राहिले.

आवाजावरून तिनं ओळखलं. टाचा उंचावून आत पाहिलं. "बाप्पा, तुम्ही होय! मले वाटलं कोण आलं." हसली. मीही हसले. मराठी परत आली, मॅडम मात्र गेली नाही. "नवी घेतली काय मॅडम? किती मोठी हाय." मेथी, वांगी, पाव किलो मिरच्या. पिशवी तिनं दोन्ही हातांनी वर धरली, मी वरून घेतली. घरी येऊन पिशवी उलटी केली. सांबार नव्हता.

गाडीबद्दल खरं तर मजेत लिहायचं ठरवलं होतं. उन्हाळ्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. यांनी वहीत रकाने आखले, मोठ्या पोरानं मोबाइलवर एकूण एक गाडीचे व्हिडिओ पाहिले, आणि ऑगस्टात जीएसटी कमी होणार म्हटल्यावर सगळं थांबवून आम्ही २२ सप्टेंबरची वाट पाहत बसलो. आधी एवढ्या मोठ्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, म्हणजे शंभराच्या गाडीचे दीडशे. आता सरळ ४० टक्के. छोट्या पेट्रोल गाडीवरचा तर २९ टक्क्यांवरून १८ वर आला. सासूबाई म्हणाल्या, मग छोटीच घ्या नं. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

दसऱ्याला गाडी आणायला निघालो तर दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते वळवलेले. शोरूममध्ये दीड तास उशिरा पोचलो. तिथं लाल कापड ओढायचं, पुठ्ठ्याची दोन हात लांब चावी धरायची, फोटो. कर्ज माझ्या पगारावर आहे. चावी शोरूममधल्या पोरानं यांच्या हातात दिली आणि मला फुलांचा गुच्छ. असो. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या गणपतीला नेली, चाकाखाली लिंबं फुटली. डॅशबोर्डवर ठेवलेलं आपट्याचं पान अजून तिथंच वाळत पडलं आहे. उचलायचा धीर होत नाही.

गेट दोन फूट रुंद करावं लागलं. गोडलिंबाच्या झाडाबद्दल आज लिहीत नाही.

ऑल्टो साडेतीन मीटरच्या आत होती, ही चार मीटर साठ. हे आकडे आता घरात सगळ्यांना पाठ आहेत. पण मला फरक लांबीचा वाटतच नाही. लांबीची सवय होईल; मागे कॅमेरा आहे, भिंत जवळ आली की ती बया कोकलते. फरक उंचीचा आहे. ऑल्टोच्या खिडकीशी मावशी कमरेत वाकायची, कोपर आत टेकवायची आणि मग निवांत बोलायची. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचा वास यायचा. तिच्या मुलीचं लग्न जमलं तेही तिनं असंच, कोपर टेकवून, मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत असताना मला सांगितलं होतं. या गाडीच्या खिडकीची कड तिच्या हनुवटीशी येते. कोपर ठेवायचं कुठं?

वरून बाकी पुष्कळ दिसतं. लेआउटमधल्या सगळ्यांच्या कंपाउंडच्या भिंतींपलीकडचं. कोपऱ्यावरच्या घरामागे भोपळ्याचा एवढा मोठा वेल आहे, हे मला चौदा वर्षांनी कळलं. त्या काकू त्याच्याशी बोलत होत्या. मी पटकन दुसरीकडे पाहिलं.

८४ हप्ते. मोठा आज आठवीत आहे. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असेल, इंजिनिअरिंगला गेला तर तिसऱ्या. चौदा उन्हाळे मी त्या ऑल्टोत काढले. मे महिन्यात स्टिअरिंगला हात लावायला ओला रुमाल लागायचा, चढावर एसी बंद करावा लागायचा, आणि ऑफिसातले सगळे वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून भुर्रकन पुढे निघून जायचे. मग एकदा मला मोठी गाडी घ्यावीशी वाटली तर काय बिघडलं? दादानं अजून फोन केला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "छान आहे, पण पार्किंगचं कसं करता?" आणि आता भाजीवाल्या मावशीनंही. माझ्या आनंदाला सगळ्यांनी मिळून दृष्ट लावली, असं शनिवारपासून मी मनात घोकते आहे.

पण रात्री इतक्या उशिरा खोटं लिहिण्यात अर्थ नाही. ती मॅडम म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. अगदी पहिल्या क्षणी, ती कोणाला म्हणते आहे हे कळायच्या आत. मान थोडी ताठ झाली होती. म्हणूनच हिंदीत उत्तर दिलं असेल. मॅडम जसं बोलते तसं बोलले.

आणि पाच मिनिटांनी तीच मॅडम घरी येऊन फुकटच्या सांबारासाठी पिशवी झटकते. हे लिहिताना मला हसू येऊन राहिलं आहे. दीडशेचे एकशेचाळीस झाले म्हणून महिनाभर सरकारच्या तोंडाकडे पाहत बसलेली बाई, वरचा सांबार गेला म्हणून झोपत नाही. मावशीनं लवकर ओळखलं नाही ते बरंच झालं.

काल रामटेकला जाऊन आलो. त्यात सांगण्यासारखं एवढंच की सासूबाईंना पायरी उंच पडते. शेवटी जेवायचा पाट खाली ठेवला, त्यावर पाय देऊन त्या चढल्या आणि आत बसल्यावर म्हणाल्या, "पालखीच आहे बाई." आता तो पाट डिकीतच राहतो. धाकटीला येताना उलटी झाली, सीटवरचं प्लास्टिक काढू नका असं मी का म्हणत होते ते सगळ्यांना कळलं.

उद्या ऑफिस आहे. झोपते.

रविवार

मधले दिवस काही लिहिलं नाही. आज पुन्हा बाजारात गेले. गाडी मुद्दाम पलीकडच्या गल्लीत लावली, पिशवी काखेत मारली आणि पायी गेले, जशी काही बसनं आले. मावशी कोणाची तरी वांगी तोलत होती. तराजूवरची नजर न काढता म्हणाली, "गाडी कुठी लपवली, ताई?"

तिच्या पोरानं पाहिलं होतं म्हणे, वळताना.

ताई! मला इतकं बरं वाटलं की मी न विचारता अर्धा किलो दोडकी घेतली, जी आमच्या घरी कोणी खात नाही. तिच्या मुलीला दिवस गेले आहेत, दिवाळीला माहेरी येणार आहे. मी खाली उकिडवी बसून ऐकलं, गुडघे कुरकुरले. मग हिय्या करून विचारलं, "मावशी, सांबार नाही देऊन राहिल्या आजकाल?"

"कुठचा देऊ? पाण्यानं सडला सारा. पंधरा दिवस झाले कोणालेच नाही देऊन राहिली." तिनं ओल्या गोणपाटाखालून एक बारकी जुडी काढून दाखवली. "एवढीशी तीस रुपये."

म्हणजे शनिवारीही कोणालाच दिला नव्हता. ऑल्टोवाल्यांनाही नाही, सायकलवाल्यांनाही नाही. आठ दिवस मी जे मनात उगाळत बसले ते पावसाचं होतं. मॅडमचं काय, ते मात्र विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "कोण म्हटलं मॅडम?"

जुडी हातात घेतली. खरंच बारकी होती, दोन पानं पिवळी.

"तीसचे पंचवीस लावा नं," मी म्हटलं.

"एवढी मोठी गाडी घेतली नं ताई," ती म्हणाली, आणि तीसच घेतले.