तू बांधलंस, तूच सोड

देवदासी प्रथेविरुद्धच्या आमच्या पथनाट्यात मी पुजारी होतो. सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, तिला दर्शन म्हणतात, बांधून तिला देवीला सोडायचं आणि बायकांच्या शिव्या खायच्या. गडहिंग्लजहून निघून निपाणी, चिकोडी, संकेश्वर असं यल्लम्मादेवीच्या सौंदत्तीच्या वाटेवरची गावं घेत जायचं; संवाद मराठीत, गाणी कन्नडमध्ये. दौरा माघी पौर्णिमेच्या आधीच, कारण घरोघरी देवीच्या डोंगराला जायची तयारी तेव्हा चालते.

चिकोडी तालुक्यातल्या एका गावात चावडीपुढं खेळ झाला. शेवटी आमच्या ताई कायदा सांगतात. १९३४ चा मुंबई इलाख्याचा, बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. मग कर्नाटकाचा १९८२ चा, त्यात मुलगी देवीला सोडणाऱ्या आईबापांना इतरांहून जास्त शिक्षा. लोक ऐकतात आणि चप्पल शोधायला लागतात. देवीच्या गाण्यांतलं चौंडकं वाजताना हलणारी माणसं कलमांनी हललेली मी तरी बघितली नाहीत.

मी कपाळावरचा भंडारा पुसत होतो. एक म्हातारी पुढ्यात येऊन म्हणाली, "पुसू नगंस. असाच घरला चल."

घरात तिची नात होती. नववीतली. डोक्यावरची ओढणी काढली तर कमरेपर्यंत जट, हळदीकुंकवाचे थर बसून लाकडासारखी कडक. केसात गुंता झाला, त्यात तेल-मळ बसला, की कुणीतरी म्हणतं यल्लम्माचं बोलावणं आलं. मग विंचरणं बंद, धुणं बंद, गुंता वाढतच जातो. पोरीला एकाच कुशीवर झोपता यायचं. वर्गात शेजारी कुणी बसत नव्हतं.

ताईंच्या पिशवीत कात्री, हातमोजे कायम असतात. त्या पुढं झाल्या तर म्हातारी आडवी आली.

"ह्यो बांधनारा. ह्येनंच सोडाय पायजे. दुसऱ्यानं हात लावला तर आई माज्या पोरीवर कोपंल."

"आजी, मी खरा पुजारी न्हवं. नाटकातला हाय."

"ते मला कळतंय की. मी काय खुळी हाय?"

यावर मला काही बोलता आलं नाही. ताईंनी पोरीला विचारलं. ती म्हणाली, "काढा, पण लवकर. आई परत न्हाई म्हनंल." आई दारातच उभी होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. होल्डरचा बल्ब ओढून जवळ आणला.

ताई सांगत गेल्या, मी कापत गेलो. कात्री जटेत शिरतच नाही. मुळाशी सुटे केस शोधून थोडं थोडं कापावं लागतं. उवा, खालची चिघळलेली कातडी, वास. म्हातारी मधूनच "उदं गं आई उदं" म्हणायची आणि मला दरडावायची, "सावकास रं भाड्या!" शेवटचा धागा तुटला तेव्हा पोरगी मान डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं वळवत राहिली.

संकेश्वरला जाताना टेम्पोत भांडण झालं. दिग्दर्शकाचं म्हणणं, हाच नाटकाचा शेवट करायचा: पुजारीच जट कापतो. प्रसंग जबरदस्त होता, मलाही मोह झाला होता. पण ती पोर त्या गावात राहते, आणि आमचे खेळ पंचक्रोशीतच होतात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी तिच्याकडं बोट दाखवून हसलं असतं. मी काम सोडेन म्हणालो. तो दोन गावं माझ्याशी बोलला नाही. नाटक आहे तसंच चालू आहे, आणि शिव्या मलाच बसतात.