कृती एकच, चव घरोघरची

आमच्या शाळेत वाचनालयासाठी दरवर्षी कुकीजची विक्री व्हायची, आणि कृती शाळाच द्यायची. सगळ्यांना तीच: २२५ ग्रॅम मऊ लोणी, ३०० ग्रॅम साखर (निम्मी पांढरी, निम्मी ब्राउन), दोन अंडी, २८० ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग सोडा, मीठ, व्हॅनिला आणि चॉकलेटचे तुकडे. ओव्हन १८० अंशांवर, दहा-बारा मिनिटं. चिठ्ठीत इतकंच असायचं. तरीही विक्रीच्या सकाळी टेबलावर डबे उघडले की प्रत्येकातून वेगळीच कुकी निघायची!

कुणाची पातळ, कडेला जाळीदार आणि कुरकुरीत. कुणाची जाड, मधे मऊ. कुणाची फिकट, कुणाची चांगली खरपूस. झाकणावरचं नाव न वाचताही आम्ही मुलं डबे ओळखायचो, आणि सहसा चुकायचो नाही.

हे असं का होतं, ते पुढे स्वतः करायला लागल्यावर कळत गेलं. लोणी वितळवून घातलं की कुकी ट्रेवर पसरते. तेच लोणी बोट दाबलं तर खळगा पडेल इतपतच मऊ ठेवून साखरेबरोबर फेसलं की त्यात हवा धरली जाते आणि कुकीला उंची येते. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांच्या कुकीज जाड व्हायच्या. ब्राउन शुगर थोडी जास्त पडली की ओलावा टिकतो, रंगही गडद येतो. शिवाय प्रत्येक ओव्हनचा एक कोपरा जास्त तापतो, तो त्या घराच्या माणसांनाच ठाऊक!

आमच्याकडे आई कडा सोनेरी झाल्या की ट्रे बाहेर काढायची. मधला भाग अजून कच्चाच दिसत असायचा. "काढलीस का इतक्यात?" असं मी दर वेळी विचारायचे. ती ट्रेला हात लावू द्यायची नाही. पाच मिनिटं कुकीज गरम ट्रेवरच राहायच्या आणि उरलेलं भाजणं तिथंच व्हायचं. मग उलथन्यानं अलगद उचलून जाळीवर. पुरत्या गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही हा तिचा नियम फार कडक होता, कारण आत वाफ धरली की रात्रभरात सगळा खुसखुशीतपणा जातो. विक्रीच्या आदल्या रात्री जाळीवरच्या रांगा मोजत जागं राहायला मला मुभा असे. एरवी नाही.

अशा विक्रीची परंपरा जुनी आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावात, गर्ल स्काउटच्या मुलींनी घरी भाजलेल्या कुकीज शाळेच्या कॅफेटेरियात विकल्या होत्या. १९२२ मध्ये संघटनेच्या मासिकात सगळ्यांसाठी एक कृती छापून आली. तिच्याही घरोघरी किती तऱ्हा झाल्या असतील!

पण मला सगळ्यात आवडायचं ते मोडक्यांचं ताट. डब्यात तुटलेल्या कुकीज विकायच्या नाहीत, असं आमच्या बाईंनी ठरवून टाकलं होतं. ते तुकडे टेबलाच्या टोकाला एका मोठ्या ताटात ठेवलेले असत, आणि त्यातला तुकडा कुणीही, काही न देता, उचलायचा. शेंगदाणे-बदाम घातलेल्यांचे तुकडे मात्र बाई वेगळ्या बशीत ठेवायच्या. ज्यांना दाणे चालत नाहीत त्यांची बाईंना काळजी असे. सगळ्या घरांचे तुकडे त्या एकाच ताटात यायचे, त्यामुळे आम्ही सगळे तिथंच गर्दी करायचो, खिशात पैसे असलेलेही. पैसे न आणलेलं मूल त्या घोळक्यात वेगळं दिसायचंच नाही. बाईंनी हे मुद्दामच केलं होतं असं मला आता वाटतं. ताट रिकामं व्हायला लागलं की त्या कुणाच्या तरी डब्यातल्या दोन-चार चांगल्या कुकीज हातानं मोडायच्या आणि त्यात टाकायच्या.