ऱ्हाइनचा शेवटचा टप्पा: पाऊस, समोरचा वारा आणि अण्णा

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्याला पावसाचं फारसं काही वाटत नाही, खरा घाम काढतो तो समोरचा वारा. नेदरलँड्समध्ये वारा बहुतेक करून पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. ऱ्हाइन नदीच्या उगमाकडून मुखाकडे जायचं म्हटलं की शेवटच्या टप्प्यात सायकलचं तोंड पश्चिमेलाच. समुद्र जवळ येतो तसा वाऱ्याचा जोर वाढतो, आणि आमच्या वेळी त्यात पावसाचीही भर होती. गोरिंखेम सोडल्यापासून नदीच्या मुखाशी, हूक फान हॉलंडला पोहोचेपर्यंत अंगावरचा एकही कपडा नीट वाळला नाही.

आम्ही तिघं होतो: मी, माझा नवरा आणि माझे सासरे. सासऱ्यांना घरात आणि दिंडोरीकडच्या आमच्या गावात सगळेच अण्णा म्हणतात. अण्णांची द्राक्षबाग आहे. प्रवास ऑगस्टमध्ये ठरला तो त्यामुळेच. एप्रिलची खरड छाटणी होऊन काडी तयार होत असते, ऑक्टोबर छाटणीला अवकाश असतो, आणि धाकट्या दिरांच्या भरवशावर बाग सोडता येते. सायकलचा नाद आम्हाला नाशिकनेच लावला. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा शहरात घरोघरी सायकलचाच विषय होता. अण्णा त्याच सुमारास नाशिक ते पंढरपूर सायकलवारीला जाऊ लागले आणि त्यांच्या मागे आम्ही दोघं.

ऱ्हाइनच का? मी नाशिकची. गोदावरीचा उगम मला तोंडपाठ आहे. ब्रह्मगिरी, कुशावर्त, गंगापूर धरण, रामकुंड. पण ही नदी १४६५ किलोमीटर वाहून शेवटी कशी दिसते, समुद्राला कशी मिळते, हे मी कधी पाहिलं नाही. एखादी नदी अथपासून इतिपर्यंत काठाने पाहायची, ही इच्छा फार दिवसांची होती. ऱ्हाइन १२३३ किलोमीटरची, आणि तिच्या काठाने सलग सायकलमार्ग आहे. म्हणून आधी ती.

स्वित्झर्लंडमध्ये तोमा नावाच्या छोट्याशा तलावातून ती निघते, २३४५ मीटर उंचीवर. सायकलवाले जवळच्या ओबेरआल्प खिंडीतून सुरुवात करतात. त्या खिंडीत, चहूबाजूंनी डोंगर असताना, एक लाल दीपगृह उभं आहे. हूक फान हॉलंडला पूर्वी जे दीपगृह होतं त्याची ही लहान प्रतिकृती. इथून निघालेलं पाणी कुठे जायचं आहे ते तिथेच सांगून ठेवलेलं. मला ही कल्पना फार आवडली.

पुढे कॉन्स्टान्सच्या पुलापाशी नदीची मोजणी सुरू होते. तिथे शून्य, आणि तिथून खाली काठाकाठाने किलोमीटरचे मोठे फलक. जहाजांसाठी असतात, पण आम्हाला त्यांचाच आधार वाटायचा. शाफहाउझनचा धबधबा, बाझेल, स्ट्रासबुर्ग हे सगळं कोरड्या हवेत पार पडलं, त्याबद्दल सावकाश लिहीन. पहिला मोठा पाऊस लागला रुडेसहाइमला, आणि तिथे आमचा अर्धा दिवस गेला, कारण रुडेसहाइमच्या उतारांवर द्राक्षबागा आहेत.

अण्णा रेनकोटची टोपी मागे सारून एका वेलीपाशी उकिडवे बसले आणि पान उलटं करून पाहू लागले. पानाच्या मागे पांढरट लव होती. ‘‘डावणी,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याकडं जी येते तीच.’’ मग बांधावर बसून त्यांनी सगळा हिशेब समजावला. हा रोग अमेरिकेतून युरोपात आला तो १८७० च्या दशकात, आणि त्यावर उपाय सापडला फ्रान्समध्ये बोर्डो इथे, मोरचूद आणि चुना. आमच्या गावातला प्रत्येक शेतकरी ‘बोर्डो मारला का’ असं विचारतो. अण्णांनी आयुष्यभर हा शब्द वापरला आणि आता त्या रोगाने पहिल्यांदा जिथे धुमाकूळ घातला त्या खंडात, पावसात, तेच पान हातात घेऊन ते बसले होते. ‘‘यांना एकच छाटणी असते गं. थंडीत वेल झोपते, आपली वेल झोपतच नाही.’’ तेवढ्यात बागेचा मालक छत्री घेऊन आला. दोघांची भाषा जुळेना, पण पान दोघांनाही कळत होतं. त्याने एक बोट आकाशाकडे केलं आणि मान हलवली. अण्णांनीही हलवली.

एमेरिखच्या पुढे जर्मनी संपतो आणि थोड्याच अंतरावर नदी फुटते. जवळपास दोन तृतीयांश पाणी वाल नावाच्या फाट्यात जातं. आम्ही वालचा बांध धरला. हा बांध म्हणजे उंच गवताळ भिंत, माथ्यावर सायकलचा रस्ता. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला घरं, आणि काही ठिकाणी घरांची कौलं नदीच्या पाण्याच्या पातळीला. पावसात हे पाहताना पोटात गोळा येतो.

नायमेखनला पोहोचलो त्या संध्याकाळी दिरांचा फोन आला. ‘‘वहिनी, गंगापूरमधून विसर्ग वाढवलाय. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय.’’ नाशिककराला पुराचा आकडा क्युसेकमध्ये सांगायची गरज पडत नाही. गोदाकाठच्या या उंच मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, एवढं पुरतं. २००८ च्या पुरात भांडीबाजारात आणि सराफ बाजारात पाणी शिरलं होतं ते मी पाहिलेलं आहे. फोन ठेवल्यावर आम्ही नदीवर गेलो. समोरच्या काठावर इथल्या लोकांनी काय केलंय ते अण्णांना दाखवायचं होतं. १९९५ साली वालला इतका पूर आला की नदीकाठच्या सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर देशाने बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यायचं ठरवलं. नायमेखनसमोर बांध ३५० मीटर मागे घेतला, पन्नासेक घरं हलवली, आणि नदीसाठी शेजारी दुसरा प्रवाह खणला. आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा कागदावर आखून होते आणि तिच्या आत बांधकामंही होतात. गोदाघाटावर काँक्रीट ओतून नदीचं पात्र आणखी आवळलं गेलं. त्या रुंद पात्राकडे बघत अण्णा म्हणाले, ‘‘शेताच्या बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. यांनी नदीला साडेतीनशे मीटर सोडले.’’ मला त्या क्षणी नाशिकच्या प्रत्येक नगरसेवकाला हाताला धरून तिथे न्यावंसं वाटलं, अजूनही वाटतं.

शेवटच्या दिवशी किंडरडाइकहून निघालो. तिथल्या एकोणीस पवनचक्क्या पावसात करड्या दिसत होत्या. छोट्या फेरीने लेक नदी ओलांडली आणि रॉटरडॅमकडे वळलो. कामाला निघायची वेळ होती. मी तोवर समजत होते की एवढ्या पावसात रस्ता मोकळा मिळेल. उलट सायकलींची रांग लागली होती. पुढे पेटी लावलेल्या सायकलवर एक आई, पेटीवर पारदर्शक झाकण, आत दोन मुलं खाऊ खात बसलेली. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल धरून जाणाऱ्या कॉलेजच्या पोरी. आमच्यापेक्षा वयाने मोठ्या बाया, बॅटरीच्या सायकलवर, आम्हाला मागे टाकून जाणाऱ्या. नेदरलँड्समध्ये वर्षाला साधारण ८५० मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीत तीन हजारांच्या वर पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास. म्हणजे त्यांचा पाऊस आमच्या शहरापेक्षा फार जास्त नाही, फक्त तो बाराही महिने वाटून येतो. तरी लोक सायकल सोडत नाहीत, कारण त्यांचा लालसर डांबरी रस्ता पाणी धरून ठेवत नाही आणि गाड्यांपासून वेगळा आहे. त्र्यंबक रोडला पावसात मी घाबरते ती पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याला. इथे शेकडो किलोमीटर पाण्यातून गेलो, पण चाक खड्ड्यात आदळलं असं एकदाही झालं नाही. पावसात सायकल चालवायला धाडसापेक्षा रस्ता लागतो, असं माझं ठाम मत झालंय.

नदीची मोजणी रॉटरडॅम शहरात हजारावर पोहोचते. त्यापुढचं पात्र निसर्गाचं नाही. जुनं मुख गाळाने भरत गेलं म्हणून वाळूच्या टेकड्या कापून नवा जलमार्ग खणला, तो १८७२ मध्ये खुला झाला. मासस्लाउसच्या पुढे वारा असा सुटला की सपाटीवरही गिअर कसारा घाटात लावतो तेवढा खाली आणावा लागला. नवरा पुढे, त्याच्या चाकाला चिकटून अण्णा, मागे मी. थोड्या थोड्या वेळाने पुढचा बाजूला व्हायचा आणि मागचा पुढे यायचा. बोटं इतकी गारठली की ब्रेक दाबलाय हे कळायचं ते त्याच्या किरकिरण्यावरून. रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेकच्या रबरात शिरून रिम खरवडत होती.

मग मासलांटचा अडसर दिसला. ३६० मीटर रुंद जलमार्ग बंद करणारे दोन पांढरे दरवाजे, प्रत्येक २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच, काठावरच्या खोबणीत आडवे ठेवलेले. १९९७ पासून ते समुद्राच्या वादळी लाटा अडवायला सज्ज आहेत. वादळात खरोखर बंद करायची वेळ २००७ मध्ये आली आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरमध्ये. नवरा इंजिनिअर असल्याने तिथून हलायला तयार नव्हता. ‘‘अरे चल, थंडीने मरतोय आम्ही,’’ असं अण्णांनी दरडावल्यावर निघाला.

हूक फान हॉलंडला स्वागताला कुणी नव्हतं आणि त्याची उणीवही भासली नाही. डावीकडे मोठमोठी मालवाहू जहाजं आत शिरत होती, समोर तपकिरी पाणी हिरवट पाण्यात मिसळत होतं, आणि मिसळण्याची रेषा पावसातही स्पष्ट दिसत होती. डोंगरातून निघालेली नदी इथे संपते, हे मी डोळ्यांनी पाहत होते. रडू आलं, खूप आलं. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘आता आपली बघायची, पोरी. समुद्राला मिळते तिथे, अंतर्वेदीपर्यंत.’’

किनाऱ्यावरच्या हॉटेलात माळकरी अण्णांना चीजचा गरम टोस्ट आणि दूध मिळालं, आम्ही दोघांनी तळलेल्या माशावर ताव मारला. चेनमधली खारट वाळू धुतली, तेल घातलं, आणि सायकली घेऊन मेट्रोने रॉटरडॅमला परतलो.

घरी आल्यापासून टेबलावर गोदावरीचा नकाशा पसरलेला आहे. त्र्यंबक, नाशिक, पैठण, नांदेड, बासर, राजमहेंद्री. काठाने सलग रस्ता नाही, बराचसा भाग गावरस्त्यांनी जावा लागेल. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि गोदावरी पूर्वेला वाहते, तेवढं आमच्या बाजूचं. अण्णांची अट एकच आहे: पैठणपर्यंतचा पहिला टप्पा आषाढीनंतर लगेच करायचा आणि ऑक्टोबर छाटणीची मजुरांची टोळी ठरवायच्या आत ते बागेत परत हवेत.