अर्धी प्रार्थना

१९८१ साली वडिलांची टपाल खात्यातून वसईला बदली झाली आणि नगरहून येऊन मी इथल्या कॅथलिक शाळेत आठवीत बसले. पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, "ख्रिस्ती ना तू? मग धर्मशिक्षणाला जा." बाकीची मुलं नीतिशिक्षणाला जायची. आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्याकडे पाळक, उपासना, मंडळी. इथे कॅथलिकांचे फादर, मिस्सा (त्यांची उपासना), जपमाळ. येशू एकच, पण त्याच्या घरात इतकी वेगळी बोली चालते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तास सुरू होताना सगळ्या मुली उभ्या राहून 'नमो मरिया' ही येशूच्या आईला, मरियेला उद्देशून केलेली प्रार्थना म्हणत. मी ओठ घट्ट मिटून उभी असायची. निघताना आजीने बजावलं होतं, "मरियेला मान द्यायचा, तिच्यापाशी मागायचं नाही."

डिसेंबर उजाडला. मैदानाच्या कडेची लूर्दमातेची, म्हणजे मरियेचीच, गुंफा धुऊन शेवंतीच्या माळांनी सजली. फादर म्हणाले, ८ तारखेला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. मला वाटलं, कुमारीच्या पोटी येशू आला त्याचा हा सण असणार. पुष्कळांचा असा घोटाळा होतो. फादरांनी नीट उलगडून सांगितलं: हा सण मरिया आपल्या आईच्या उदरात आली त्या क्षणाचा, त्या क्षणापासून मूळ पापाचा, म्हणजे आदामापासून प्रत्येक माणसाला जन्मतःच लागणाऱ्या पापाचा डाग तिला लागलाच नाही, असं पोप नववे पायस यांनी १८५४ साली घोषित केलं. पुढे चार वर्षांनी फ्रान्समधल्या लूर्दला चौदा वर्षांच्या बर्नाडेटने मरियेच्या दर्शनात 'निष्कलंक गर्भसंभव' हेच नाव ऐकल्याचं सांगितलं.

मी उभी राहिले. दप्तरात आजीचं पवित्र शास्त्र होतं. आधी रोमकरांस पत्रातलं वाचलं, "सर्वांनी पाप केले आहे." मग लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढला. "फादर, मरिया स्वतःच 'देव जो माझा तारणारा' असं म्हणते. पाप नव्हतं तर तिला तारणारा कशाला हवा होता?" ओळीवर ठेवलेलं माझं बोट थरथरत होतं, ते मला आजही दिसतं.

फादर रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला खिडकीपाशी बोलावलं. शाळेमागे बावखल, म्हणजे पाण्याचं छोटं तळं होतं, काठ शेवाळलेला. "दोघी मुली या काठाने चालल्यात. एक घसरून पाण्यात पडली, तिला कोणीतरी ओढून काढलं. दुसरी घसरणार तोच त्यानेच तिचा हात धरला. आता सांग, वाचवलं कोणाला?" दोघींना, मी म्हटलं. "मरियेलाही ख्रिस्तानेच तारलं, फक्त आधीच. सातशे वर्षांपूर्वी डन्स स्कोटस नावाच्या फ्रान्सिस्कन पंडिताने हाच मुद्दा मांडला." आणि मग आपणहून पुढे म्हणाले, "पण त्याच्या आधीचे थोर संत थॉमस अक्विनास यांना मात्र ही कल्पना पटली नव्हती." आठवीतल्या मुलीशी वाद घालताना आपल्याच बाजूची अडचण तिच्या हाती देणारा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही.

पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर एक ग्रीक शब्द लिहिला: केखारितोमेने. देवदूत मरियेला याच शब्दाने हाक मारतो. कॅथलिक प्रार्थनेत तो 'कृपापूर्ण' झाला, आमच्या शास्त्रात 'कृपा पावलेली'. पहिल्या शब्दात कृपेला उणं काहीच उरत नाही, दुसऱ्यात ती मिळालेली देणगी आहे.

मी आजही प्रॉटेस्टंट आहे. बावखलाचा दृष्टान्त मला फार आवडतो, पण तो हात मरियेच्या आईच्या उदरातच धरला गेला, असं शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही. शास्त्रात स्पष्ट नसलेली गोष्ट मानायलाच हवी, असं ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला ठरवता येतं का? कॅथलिक 'हो' म्हणतात, आम्ही 'नाही', आणि बाकीचा वाद इथूनच फुटतो. मात्र आमच्या व्यासपीठांवर नाताळ सरला की मरियेचं नावही निघत नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये लूकमधल्या मरियेच्या गीतावर केवढ्या आदराने लिहिलं होतं!

त्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी फादर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाळ, 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग तुझ्याच लूकमधला आहे. अठ्ठाविसावं आणि बेचाळिसावं वचन बघ." घरी जाऊन मी दोन्ही वचनं ताडून पाहिली. खरंच होतं.

शाळेच्या महोत्सवाच्या तयारीसाठी परवा तिथे आले, तेव्हा वर्गमैत्रीण गुंफेपाशी जपमाळ घेऊन उभी होती. मीही शेजारी उभी राहिले. 'धन्य तुझे उदरफळ येशू' इथपर्यंत आम्ही दोघी एका सुरात म्हणतो. मग मी थांबते, आणि 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' ती एकटी म्हणते.