सर

साडेअकरा वाजलेत. सकाळी फर्स्ट शिफ्ट, 5.50ची बस. झोप येत नाही.

दुपारी परभणी, म्हणजे लाइनवरचा परभणीचा पोरगा, नो ड्यूजचा कागद (नोकरी सुटताना सगळं जमा केल्याचा) घेऊन आला आणि म्हणाला, "सर, सही पाहिजे होती."

फ्लोअरवरची सगळीच पोरं सर म्हणतात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण हा सात महिने काका म्हणत होता. कँटीनमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसायचा, "काका, आज भाजी बरी आहे, घ्या अजून." आणि आज शेवटच्या दिवशी सर.

काका कधीपासून म्हणायला लागला ते मला नीट आठवतं. पहिलाच महिना, चार नंबरचं मशीन. कूलंटचा, म्हणजे कापताना थंड करणाऱ्या पाण्याचा, नॉझल सरकला होता आणि जॉब, म्हणजे मशीनवरचे नग, गरम निघत होते. बेअरिंग बसते ती 45 मिलिमीटरची साईज, 45च्या वर कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 18 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, चालते. त्याने जॉब काढला, तसाच गरम मोजला, 45.020 दिसलं. म्हणून ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनच्या साईजच्या सेटिंगमध्ये, दहा मायक्रॉन कमी केले. आयटीआयला शिकवलं होतं तसंच केलं त्याने. पण एवढ्या व्यासाचं स्टील वीस अंशांनी जास्त गरम असलं की दहा मायक्रॉन फुगलेलंच असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जॉब थंड झाले आणि 38 नग साईजखाली गेले. साईज वर राहिली तर पुन्हा कापता येतं, खाली गेली की थेट लाल पेटी.

पोरगं पांढरं पडलं होतं. मी ओरडलो नाही. त्याच्या एका तळहातावर नुकताच निघालेला जॉब ठेवला, दुसऱ्यावर पेटीतला थंड झालेला. म्हटलं, हाताला ऊब लागते तोवर मोजायचा नाही. दोन्ही हात तसेच पुढे धरून उभा राहिला जरा वेळ. मग म्हणाला, "समजलं काका." त्यानंतर त्याचा एक नग साईजने गेला नाही.

आणि त्यालाच ब्रेक.

हा हिशेब चाकणला काय, भोसरीला काय, सगळ्यांना पाठ आहे. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की सलग एक वर्षाची नोकरी धरतात, मग काढायचं तर नोटीस आली, भरपाई आली. म्हणून सात महिने झाले की पोराच्या हातात कागद. मलाही असे तीन ब्रेक मिळालेत, भोसरीला असताना. तिसऱ्या वेळी तर आबांना आठ दिवस सांगितलंच नव्हतं, डबा घेऊन निघायचो आणि नाशिक फाट्यावर बसून राहायचो.

पाच जणांतले दोघे पुन्हा घ्यायचे होते. नावं मला विचारली होती.

जाऊ दे. दोन मशीन चालवणारे हवे होते, त्याचं अजून एकावरच नीट बसत होतं. हे कारण खरं आहे. तरी संध्याकाळी तळेगाव चौकात बस पाऊण तास अडकली तेव्हा मनात तेच, सर का म्हणाला असेल. यादीचं कळलं असेल का? आणि मग स्वतःचीच कीव यायला लागली. एकवीस वर्षं झाली, एवढी पोरं हाताखालून गेली, गुडघे गेले, डाव्या कानाला आता शिट्टी ऐकू येते, आणि शेवटी आपल्याला काय म्हणतात, तर सर.

हिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने एवढंच विचारलं, "तो आला तेव्हा तुम्ही पहिलं काय बोललात?"

मला सांगता येईना. जेवण झाल्यावर आठवलं. तो केबिनच्या दारात आला. मी संगणकात रिजेक्शनचा रिपोर्ट भरत होतो. नजर आधी त्याच्या पायांकडे गेली, कारण एकवीस वर्षांत ती सवयच लागली आहे. निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. पिवळ्या रेषेच्या आत. आणि मी म्हणालो, "चप्पल घालून फ्लोअरवर कसा काय आलास?"

तो म्हणाला, "शूज जमा केलेत, सर. सही पाहिजे होती."

कागदावर पहिली ओळच ती आहे. सेफ्टी शूज, जमा. मग हेल्मेट, ओळखपत्र, कँटीनची कुपनं, आणि सगळ्यात शेवटी लाइन इनचार्ज, म्हणजे मी. म्हणजे शूज काढून घेऊन त्याला अख्ख्या शॉपमधून माझ्यापर्यंत चालत यावं लागलं होतं. चार नंबरच्या बाजूने, जिथे सकाळपर्यंत तो स्वतः उभा होता, तिथल्या सांडलेल्या स्टीलच्या चिप्स चुकवत. पायाच्या अंगठ्याशी तेलाचा डाग होता, तोही आता दिसतोय.

बसल्या जागेवरूनच सही केली. "नीट राहा" म्हणालो बहुतेक. तो "हो सर" म्हणाला.

आता बरं वाटतंय असं नाही, पण मघासारखी टोचणी राहिली नाही. यादीत नाव मी दिलं नाही, सही मी केली, पायांकडे बघून मी बोललो. मग त्याने काका कुणाला म्हणायचं? त्याने बरोबर हाक मारली. भोसरीला माझ्या कागदावर सही करणाऱ्यालाही मी साहेबच म्हणालो होतो, आणि आज त्यांचा चेहराही आठवत नाही.

सकाळी बसमधून उतरलो की आधी स्टोअरला जाणार आहे. या महिन्यात अजून तिघांचे सात महिने भरतायत. शूजची ओळ सगळ्यात खाली घ्या म्हणून सांगतो, सगळ्या सह्या झाल्यावर, गेटवर जमा करायची. छापील फॉर्म बदलायला वरून मंजुरी लागते, त्याला दिवस जातील. तोवर माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर पेनाने ओळींचे आकडे बदलीन.