अ‍ॅक्सेसिबल बेज की अग्रीएबल ग्रे: सॅम्पल वाळल्यानंतरच्या नोंदी

घरातल्या दोन खोल्यांच्या भिंतींना कुठला रंग द्यायचा हे ठरवायला केलेले सॅम्पल बोर्ड खडखडीत वाळलेत, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. दोन्ही रंग शेर्विन-विल्यम्स या रंगकंपनीचे: अ‍ॅक्सेसिबल बेज एसडब्ल्यू ७०३६ आणि अग्रीएबल ग्रे एसडब्ल्यू ७०२९. पहिल्याचा एलआरव्ही (रंग किती टक्के उजेड परत फेकतो तो आकडा) ५८, दुसऱ्याचा ६०. उजेड परत फेकण्यात दोघे उन्नीस-बीसच, म्हणजे खोली अंधारी वाटेल का या काळजीवर निवड होणार नाही. खरं भांडण अंडरटोनचं, म्हणजे रंगामागे दडलेल्या छटेचं आहे.

बोर्डांवर दोन-दोन हात मारले आणि चारी कडांना पांढरी पट्टी मोकळी सोडली. ही पट्टी टाळू नका. जुनी भिंत पिवळट क्रीम आहे. ग्रे थेट तिला टेकवला की चक्क जांभळट दिसतो. पट्टी असली की हा भास बराच ओसरतो. बोर्ड उभेच धरायचे, कारण जमिनीवर आडवे ठेवले की वरचा उजेड पडून रंग उगाच फिका वाटतो.

उत्तरेच्या खिडकीच्या खोलीत निकाल लगेच लागला. तिथे ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात ग्रे गारठतो, त्यातली ऊब कुठे जाते कळत नाही. बेज मात्र तिथेच शहाण्यासारखा वागतो, ना पिवळा ना करडा. पश्चिमेच्या खोलीत नेमकं उलटं. उतरत्या उन्हात बेज सोनेरीकडे झुकतो, मला तर जरा जास्तच. ग्रे तिथे छान मऊ पडतो.

२७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली दोघांत फरक शोधावा लागतो. ४००० केल्विनचा, जास्त पांढरा दिवा लावला की ग्रे लगेच वेगळा निघतो. म्हणून आधी दिवा ठरवा, मग रंग.

एक गोष्ट फार कमी जण करून बघतात: एकाच रंगाचे दोन बोर्ड काटकोनात कोपऱ्यात उभे करणं. दोन्ही भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि कोपऱ्यात छटा गडद होते. बेजमधला पिवळेपणा मला तिथेच पहिल्यांदा नीट दिसला.

तर उत्तरेला बेज, पश्चिमेला ग्रे, दोन्ही मॅटमध्ये. चौकटींचा पांढरा अजून ठरलेला नाही. अगदी शुभ्र पांढऱ्याशेजारी बेज मळकट दिसतोय, त्यामुळे आता किंचित क्रीमकडे झुकणाऱ्या पांढऱ्यांचे बोर्ड करायला घेतलेत.